शपथेचा कागद परत करण्याविषयी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

आदरणीय ताई, मी 43 वर्षांचा असून पुण्यात राहतो. चाकणच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी बारा वर्षे काम केले. आमचे बरेचसे ग्राहक जपानी असल्यामुळे सरांनी स्वतःच्या खर्चाने मला जपानी शिकवले. 2013 साली कामानिमित्त तोक्योला गेलो असताना एका रविवारी ते मला सेंगाकुजीच्या देवळात घेऊन गेले आणि 47 रोनिनांची, म्हणजे मेलेल्या धन्याचा सूड घेणाऱ्या बिनधन्याच्या सामुराईंची, गोष्ट मी तिथे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. सहा वर्षांपूर्वी सरांच्या भागीदाराने भर बैठकीत त्यांच्यावर हिशेबात घोळ केल्याचा खोटा आरोप केला. सरांचा तोल गेला, त्यांनी त्या गृहस्थांची गचांडी धरली आणि तेच निमित्त करून त्यांना कंपनीबाहेर काढण्यात आले. पुढे दीड वर्षात सर हृदयविकाराने गेले. त्या बैठकीला मी हजर होतो, पण बोललो नाही. सरांच्या तेराव्याला आम्ही पाच जणांनी शपथ घेतली, की याचा हिशेब चुकता केल्याशिवाय राहायचे नाही. त्यातले दोघे पुढे फुटले. माझ्याकडे कंपनीच्या जुन्या ईमेलची आणि कागदांची एक फाइल आहे. ती जपानी ग्राहकाकडे गेली तर कंपनी उभी राहणार नाही. कामगारांच्या पगारातून कापलेला फंड काही महिने भरलाच गेला नव्हता, त्याचेही कागद तिच्यात आहेत. आता ते भागीदार डायलिसिसवर आहेत आणि त्यांनी निरोप धाडला आहे, की "एकदा भेटून जा, मला तुझी आणि वहिनींची माफी मागायची आहे." त्या रोनिनांचा म्होरक्या ओइशी 21 महिने थांबला, मी सहा वर्षे थांबलो आहे. आता माफ केले तर ती सरांशी बेइमानी ठरेल का? बायको म्हणते, या घरातले तुमच्या सरांचे सुतक अजून फिटलेले नाही.

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमच्या पत्नीचे वाक्य पत्राच्या अगदी शेवटी, जणू नाइलाजाने लिहिल्यासारखे आले आहे. माझ्या मते पत्रातले सर्वांत नेमके वाक्य तेच आहे आणि त्याच्याकडे मी परत येणार आहे. पण तुम्ही स्वतःला मोजण्यासाठी ओइशी कुरानोसुकेचा गज घेतला आहे, तेव्हा आधी तो गजच तपासून घेतला पाहिजे. सेंगाकुजीला मीही गेले आहे. उतारावरच्या रोनिनांच्या त्या ओळीने मांडलेल्या थडग्यांसमोर उदबत्तीच्या धुरात उभे राहिले, की कोणालाही वाटते, की निष्ठा म्हणजे हेच, आणि याहून कमी काही केले तर ती निष्ठा नव्हे. तो धूर डोळ्यांत जातो, आणि गोष्टीचा अर्धा भाग दिसेनासा होतो.

घडले ते असे. 1701 च्या एप्रिलमध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात, सम्राटाचे दूत आलेले असताना, आकोचा दाइम्यो (संस्थानिक) आसानो नागानोरी याने दरबारी शिष्टाचाराचा अधिकारी किरा योशिनाका याच्यावर तलवारीने वार केला. किरा जखमी झाला, पण वाचला. आसानोने असे का केले, हे खात्रीने कोणालाही सांगता आलेले नाही. लाचेची आणि अपमानाची जी कारणे आपण ऐकतो, ती पुढच्या नाटकांनी पक्की केली. त्याच दिवशी त्याला सेप्पुकुची, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरण्याची, आज्ञा झाली, त्याचे पन्नास हजार कोकुंचे (कोकु हे भाताचे माप) संस्थान खालसा झाले आणि तीनशेच्या आसपास सामुराई धन्यावाचून, म्हणजे रोनिन, झाले. दोघांच्या भांडणात दोघांनाही शिक्षा व्हावी असा तेव्हाचा रिवाज होता, पण किराला काहीच झाले नाही. तुमच्या सरांनी गचांडी धरली आणि शिक्षा एकट्या त्यांनाच झाली, हे साम्य तुम्हाला का टोचत असेल, ते मला कळते.

आता यानंतर ओइशीने काय केले ते पाहा, कारण इथे तुमचा आणि त्याचा रस्ता वेगळा होतो. संस्थान बुडाल्याची बातमी आकोला पोहोचली तेव्हा व्यापारी आणि शेतकरी घाबरून गेले, कारण त्यांच्याजवळ संस्थानाने छापलेल्या कागदी नोटा होत्या आणि उद्या त्यांना रद्दीचा भाव येणार होता. प्रमुख कारभारी या नात्याने ओइशीने खजिन्यातल्या चांदीतून त्या नोटा दर्शनी किमतीच्या 60 टक्के दराने बदलून दिल्या. धनी मेलेला, किल्ला जाणार हे ठरलेले, तरुण सामुराई किल्ल्यात कोंडून घेऊन लढायची भाषा करणारे, आणि हा माणूस वाण्याच्या हातातल्या नोटेचा हिशेब करत होता! मग त्याने सामुराईंना शेवटचे वेतन वाटले आणि महिन्याभराने किल्ला शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, माणसांच्या हवाली केला, तोही भांडण न करता. (पडद्यावर हा भाग दोन मिनिटांत उरकतात. त्यात तलवार नाही, त्याला ते तरी काय करणार?)

पुढचे सव्वा वर्ष तो सुडाच्या मागे नव्हता, किंवा निदान फक्त सुडाच्या मागे नव्हता. आसानोचा धाकटा भाऊ दाइगाकु याच्या नावाने ते घराणे पुन्हा उभे राहावे यासाठी तो अर्ज, विनंत्या, मध्यस्थ आणि देवळांतले वजनदार भिक्षू यांच्यामार्फत खटपट करत होता. एदोत राहणारे होरिबे यासुबेईसारखे गरम डोक्याचे सहकारी "आजच किराला मारू" म्हणून पत्रांवर पत्रे पाठवत होते आणि ओइशी त्यांना थोपवून धरत होता, कारण त्यांनी तलवार उपसली असती तर दाइगाकुची उरलीसुरली आशा संपली असती. 1702 च्या उन्हाळ्यात दाइगाकुला हिरोशिमाला मूळ घराण्याच्या ताब्यात पाठवण्याचा हुकूम झाला, आणि तेव्हा कुठे तो दरवाजा बंद झाला. क्योतोच्या गल्ल्यांत दारू पिऊन पडल्याचे सोंग करणारा ओइशी आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण अर्ज लिहिणाऱ्या ओइशीची आठवण कोणी काढत नाही. तुम्ही त्याचे 21 महिने मोजलेत. त्यातले पंधरा-सोळा महिने त्याने मागे राहिलेल्यांची सोय लावण्यात घालवले, हे त्या मोजणीत धरलेले नाही.

या सगळ्या खर्चाची त्याने वही ठेवली होती, आणि ती आजही हाकोनेच्या देवस्थानात जपलेली आहे. सुमारे 690 र्यो (सोन्याची नाणी) रकमेचा तो हिशेब आहे. त्यात धन्याच्या श्राद्धकर्मांचा आणि समाधीचा खर्च आहे, घराणे पुन्हा उभे करण्याच्या खटपटीचा खर्च आहे, क्योतो आणि एदो यांच्यामधल्या फेऱ्यांचा मोठा खर्च आहे, उपाशी पडलेल्या साथीदारांना दिलेली मदत आहे. शस्त्रांवरचा खर्च शोधावा लागतो, इतका तो थोडा आहे. हल्ल्यापूर्वी त्याने ती वही आसानोच्या विधवेकडे पोहोचती केली, कारण त्या पैशात तिच्या स्त्रीधनाचाही भाग होता. मला ओइशीविषयी जो आदर आहे, तो बराचसा या वहीमुळे आहे. तुमची फाइल सहा वर्षांत जाडजूड झाली असेल. सरांच्या माघारी काकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, घर कसे चालले, त्यांच्या मुलांची शिक्षणे कशी झाली, तुम्ही त्यांना वर्षातून किती वेळा भेटलात, याची एखादी वही तुमच्याकडे आहे का? पत्रात काकूंचा उल्लेख एकदाच आहे, आणि तोही भागीदाराच्या निरोपात "वहिनी" म्हणून. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. पण वाचताना ते मला जाणवले आणि तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

तुमच्या फुटलेल्या दोघा साथीदारांविषयीही बोलले पाहिजे. दाइगाकुचा निकाल लागल्यावर ओइशीने दोन माणसे गावोगाव पाठवली आणि सव्वाशेच्या आसपास लोकांनी रक्ताची निशाणी करून दिलेले शपथेचे कागद त्यांना परत केले. "बेत रहित झाला आहे, आपापला मार्ग धरा," असा निरोप होता. ज्यांनी मुकाट्याने कागद परत घेतला त्यांना त्याने जाऊ दिले आणि जे संतापले त्यांना खरा बेत सांगितला. यात डाव होता, हे खरे आहे. तरीही ज्याला बायकामुले, म्हातारे आईबाप किंवा नुसतीच भीती होती, त्याला मान खाली न घालता बाहेर पडायला त्याने दार उघडून दिले. तुम्ही त्या दोघांना "फुटले" म्हणता. तेराव्याच्या दिवशी, पोटात दुःख ताजे असताना घेतलेली शपथ त्यांनी काही वर्षांनी जड झाली म्हणून खाली ठेवली असेल, तर त्यांच्याशी पुन्हा बोलायला हरकत नाही. आणि तुमचा स्वतःचा कागद अजून कोणी तुम्हाला परत केलेला नाही. तो कोण करणार? सर तर गेले.

1703 च्या जानेवारीअखेर, जुन्या जपानी पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या चौदाव्या रात्री, 47 जण किराच्या वाड्यावर चालून गेले, पुढच्या दाराने आणि मागच्या दाराने. किरा कोळशाच्या कोठीत सापडला आणि मारला गेला. हल्लेखोरांपैकी एकही मेला नाही. वाड्यातली पंधराहून अधिक माणसे मेली. शिमिझु इचिगाकु नावाचा तरुण त्यांतलाच एक. तो किराच्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरातला होता, धन्यासाठी लढत पडला, आणि निष्ठेचा निकष लावायचा तर त्याची निष्ठा ओइशीपेक्षा रतिभरही कमी नव्हती. त्याच्यासाठी सेंगाकुजीत उदबत्त्यांचा धूर होत नाही. किराचा दत्तक वारस योशिचिका त्या रात्री जखमी झाला. पुढे "लढण्यात कसूर केली" या ठपक्यावरून त्याला दूर सुवाच्या डोंगराळ संस्थानात नजरकैदेत ठेवले गेले आणि 1706 मध्ये, विशीतच, तो तिथे मेला. मिकावा प्रांतातल्या किराच्या मूळ मुलखात, म्हणजे आजच्या आइची प्रांतात, पुराला आवर घालणारा बांध घालणारा आणि लाल घोड्यावरून शिवारात फिरणारा भला धनी म्हणून लोक किराची आठवण काढतात. तो तसाच होता असे मी म्हणत नाही. पण ज्याला तुम्ही केवळ खलनायक म्हणून ओळखता त्याच्या गावीही कोणीतरी त्याच्या नावाने दिवा लावते, एवढे तरी यातून कळते.

तुमच्या फाइलचा विचार करताना शिमिझु इचिगाकुला डोळ्यांसमोर ठेवा. ती फाइल जपानी ग्राहकाकडे गेली तर ऑर्डर थांबतील, आणि महिन्याभरात त्याची झळ पहिल्यांदा लागेल ती मशीनवरच्या माणसांना. त्यांतले काही तुमच्याच हाताखाली शिकले असतील. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या झळेने फारसे काही होणार नाही. ओइशी आणि त्याचे साथीदार निदान आपल्या कृत्याची किंमत आपल्या पोटावर घेऊन मोकळे झाले. 1703 च्या मार्चमध्ये 47 पैकी 46 जणांनी चार दाइम्योंच्या वाड्यांत सेप्पुकु केले. कृत्य धन्यापुरते योग्य असेल, पण राज्याच्या कायद्याने तो गुन्हाच आहे, असा युक्तिवाद ओग्यू सोराई या पंडिताच्या नावावर सांगितला जातो आणि शिक्षाही त्याच धर्तीची झाली. इतके करूनही किंमत त्यांच्यापाशी थांबली नाही. त्यांच्या मुलग्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. पंधरा वर्षांच्या वरचे बेटावर रवाना झाले आणि लहान होते त्यांनी वयात येईपर्यंत टांगत्या शिक्षेखाली दिवस काढले, ते 1709 मध्ये शोगुन त्सुनायोशी वारल्यावर माफी मिळेपर्यंत. त्याच माफीत दाइगाकुही सुटला आणि पुढच्या वर्षी त्याला 500 कोकुंची छोटी जहागीर मिळाली. ओइशीने ज्यासाठी सव्वा वर्ष अर्ज केले होते, ते घराणे असे उभे राहिले. रोनिनांच्या लौकिकाचा त्यात हात होता असे म्हणणारे आहेत, आणि तो मुद्दा मी खोडून काढणार नाही.

त्या काळातही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सागाचा सामुराई यामामोतो त्सुनेतोमो याचा आक्षेप तर तुमच्या पत्रासाठीच लिहिल्यासारखा आहे. त्याचे म्हणणे असे, की इतके महिने थांबलात. तेवढ्यात किरा आजारपणाने मेला असता तर काय केले असते? त्याच्या मते सूड तत्क्षणी घ्यायचा असतो, हरलो-जिंकलो तरी. मला त्याचे उत्तर मान्य नाही, पण प्रश्न चोख आहे. तुमचा किरा आजारी पडला आहे. तो उद्या गेला तर तुमची सहा वर्षे कुठल्या खात्यावर मांडायची, या धास्तीने तुम्ही मला पत्र लिहिले आहे, असे मला वाटते. "माफ करू की नको" हा प्रश्न त्या धास्तीवर घातलेले पांघरूण असावे.

सेंगाकुजीच्या संग्रहात एक कागद आहे. सरांनी तुम्हाला तो दाखवला होता का ते माहीत नाही. रोनिनांनी किराचे शिर विहिरीवर धुऊन धन्याच्या समाधीपुढे ठेवले, ते त्यांनी भिक्षूंच्या स्वाधीन केले, आणि नंतर देवळाने ते किराच्या घरी परत पाठवले. किराच्या दोन नोकरांनी ते मिळाल्याबद्दल देवळाला लिहून दिलेली पोचपावती तिथे जपलेली आहे. शिर एक, मिळाले, सही. 21 महिन्यांच्या त्या साऱ्या खटाटोपाच्या दुसऱ्या टोकाला दोन नोकर उभे होते, धन्याचे डोके बासनात गुंडाळून घरी नेणारे. त्या कागदासमोर मी बराच वेळ उभी होते.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही दोन मोठ्या वाक्यांच्या मध्ये दडवून लिहिले आहे: "त्या बैठकीला मी हजर होतो, पण बोललो नाही." सहा वर्षे तुम्ही ज्या माणसाचा माग काढत आहात त्याने सरांवर आरोप केला, हे खरे. पण सरांनी तुमच्याकडे पाहिले असेल, निदान तुम्हाला तसे वाटत असेल, आणि तुम्ही टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिलात. का ते मी विचारत नाही. घराचे हप्ते, लहान मुले, पंधरा वरिष्ठ माणसांसमोर अचानक वाळलेली जीभ, यांपैकी काहीही असू शकते. पण मला दिसते ते असे, की भागीदाराला शिक्षा झाली तर आपले गप्प राहणे भरून निघेल, असा हिशेब तुम्ही मनाशी मांडला आहे. तो हिशेब जमत नाही म्हणूनच घरातले सुतक फिटत नाही. तुमच्या पत्नीला हे कळले आहे. तिला ओइशीची गोष्ट माहीत असायची गरज पडली नाही.

सेंगाकुजीत आणखी एका माणसाची समाधी दाखवतात. तो सात्सुमाचा सामुराई होता, असे सांगतात. ओइशी क्योतोत नशेचे सोंग करून रस्त्यात पडलेला असताना हा माणूस त्याच्यावर थुंकला होता, "धन्याचा सूड घ्यायचे सोडून इथे लोळतोस" म्हणून. सूड झाल्याची बातमी ऐकल्यावर तो ओइशीच्या थडग्यापाशी माफी मागायला आला आणि तिथेच त्याने पोट चिरून घेतले. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, पण ती कशी टिकली याचा विचार करा. ज्याची माफी मागायची तोच मेलेला असला तर माणूस कुठवर जाऊन पोहोचतो, हे ती सांगते. ज्याला माफी मागायची आहे, पण मागायला कोणी उरलेले नाही, अशा माणसाची गोष्ट आपण सूड घेणाऱ्याच्या गोष्टीपेक्षा कमी सांगतो. तुमची गोष्ट मला त्या सात्सुमावाल्याची वाटते, ओइशीची नव्हे. अर्थात त्याचा शेवट तुम्ही घ्यायचा नाही. रात्री झोप लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटण्यापर्यंत विचार जात असतील, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.

त्याहून जुना एक सामुराई तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. 1184 मध्ये इचि-नो-तानीच्या लढाईत कुमागाई नाओझाने याने समुद्रकिनाऱ्यावर शत्रूच्या एका सरदाराला खाली पाडले आणि शिरस्त्राण दूर केल्यावर त्याला दिसले, की हा आत्सुमोरी आपल्या मुलाच्याच वयाचा, सोळा-सतरा वर्षांचा आहे. त्याला सोडून द्यावेसे वाटले, पण मागून स्वतःच्याच पक्षाचे स्वार येत होते, तेव्हा त्याने रडत त्याला मारले, असे 'हेइके मोनोगातारी' हे युद्धकाव्य सांगते. कुमागाई पुढे भिक्षू झाला. (नोंदी असे सांगतात, की 1192 मध्ये जमिनीच्या वादाचा निकाल विरुद्ध जाणार असे दिसताच त्याने संतापून शेंडी कापली. माणसे एकाच कारणाने बदलत नाहीत, आणि मला ही नोंद त्या काव्याइतकीच आवडते.) तो होनेन या आचार्यांकडे गेला तेव्हा त्याची अपेक्षा होती, की एवढ्या पापाच्या निरसनासाठी हात-पाय तोडून घ्यायला सांगतील. होनेन म्हणाले, की पाप कितीही जड असो, अमिदा बुद्धाचे नाव घे, तेवढे पुरे आहे. ते ऐकून कुमागाई ढसाढसा रडला. शिक्षा होईल अशी तयारी करून गेलेल्या माणसाला शिक्षा मिळालीच नाही, आणि ते त्याला सर्वांत जड गेले. तुम्ही काकूंसमोर जाऊन "मी त्या दिवशी बोललो नाही, काकू" असे म्हणालात, आणि त्या "मला माहीत होते, चहा घेणार का?" एवढेच म्हणाल्या, तर तुमचेही तेच होईल अशी मला भीती वाटते. तरी जा.

माफ करण्याच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. सरांच्या वतीने माफ करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तसा सरांच्या वतीने न माफ करण्याचाही नाही. काकूंचा हक्क काकूंपाशी आहे. त्या माफ करतील, करणार नाहीत, किंवा त्या गृहस्थांचे तोंडही पाहणार नाहीत, आणि यातले काहीही त्यांनी तुम्हाला समजावून सांगायला त्या बांधील नाहीत. तुमच्या हातात फक्त तुमचा वाटा आहे: एक चांगला वरिष्ठ तुमच्याकडून हिरावला गेला आणि बारा वर्षांची नोकरी सुटली, एवढ्यापुरता. तो वाटा सोडायचा की नाही, हे भेटीच्या दिवशी ठरले नाही तरी चालेल.

त्या भागीदारांकडे जाल तेव्हा मला क्यूशूतल्या याबाकेईचा झेनकाई भिक्षू आठवेल. 1919 सालच्या एका गाजलेल्या जपानी कथेत त्याला मालकाचा खुनी केले आहे आणि मालकाचा मुलगा सूड घ्यायला त्याच्यापर्यंत पोहोचतो, तो कडा फोडून बोगदा काढण्यात गुंतलेला असताना. खरा झेनकाई अठराव्या शतकात यामाकुनी नदीकाठी होता. कड्याला लटकलेल्या साखळीच्या वाटेवरून माणसे आणि घोडी नदीत पडत, म्हणून त्याने लोकांना जमवून सुमारे तीस वर्षे छिन्नी-हातोड्याने खडक फोडला, 1760 च्या दशकात तो बोगदा पुरा केला, आणि मग जाणाऱ्या-येणाऱ्याकडून थोडा टोलही घेतला! मला खरा झेनकाई कथेतल्यापेक्षा जवळचा वाटतो. त्या गृहस्थांना माफी मागायची असेल तर त्यांनाही फोडायला एक खडक आहे, आणि तो तुमच्या फाइलमध्ये आहे: कामगारांचा न भरलेला फंड.

म्हणून फाइलचे दोन भाग करा. एका भागात सरांवरचा आरोप, कोण कोणास काय म्हणाले, कोणाचे ईमेल, ते सगळे. त्यातले काहीही जपानी ग्राहकाकडे पाठवू नका. ती जुन्या नोकरीतली गोपनीय कागदपत्रे आहेत, ती तशी पाठवणे तुमच्याच अंगाशी येऊ शकते, आणि एखाद्या कामगार-कायद्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यांना हातही लावू नका. सरांवरचा आरोप खोटा होता हे सिद्ध करणारे एखादे पान असेल, तर ते काकूंचे आहे. ते त्यांना द्या आणि त्याचे काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. दुसऱ्या भागात फंडाचे कागद. ते माफीच्या सौद्यात जाता कामा नयेत. "तुम्ही फंड भरा, मी माफ करतो" असे म्हणालात तर ती माफीही राहणार नाही आणि कामगारांचा पैसाही उपकार ठरेल. तो पैसा त्यांचा आहे, तुमच्या सरांच्या अपमानाशी त्याचा संबंध नाही, आणि सहा वर्षे तुम्ही तो कागद सुडाचे शस्त्र म्हणून उशाशी ठेवलात ही गोष्ट, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्हाला शोभली नाही. आकोच्या वाण्याची नोट आधी बदलून द्यायची असते.

भेट अशी घ्या. त्यांच्याकडे जाण्याआधी काकूंकडे जा, निरोप त्यांच्या कानांवर घाला, आणि त्यांना सोबत चलण्याचा आग्रह करू नका. तुमच्या त्या दोघा फुटलेल्या मित्रांना फोन करा आणि एवढेच सांगा, की शपथ माझ्याकडून मोकळी आहे. उरलेल्या दोघांनाही तेच सांगा. मग डायलिसिसचा दिवस टाळून त्या गृहस्थांना भेटा, कारण त्या दिवशी माणूस पार गळून जातो. ते बोलतील ते शेवटपर्यंत ऐका. त्यांनी सरांशी काय केले याची यादी वाचू नका. ती त्यांना तुमच्यापेक्षा चांगली पाठ असेल, म्हणून तर निरोप आला. त्यांचे बोलणे झाल्यावर, माफ केले की नाही यावर काही न बोलता, फंडाचे महिने आणि आकडे सांगा, आणि विचारा, की हे कधी भरले जाणार. त्यांनी टाळाटाळ केली तर फंडाच्या कार्यालयात तक्रार करण्याचा रस्ता आहे आणि तो सुडाचा नाही, तेव्हा त्याला कचरू नका. तुम्हीही त्या बैठकीत गप्प बसलात हे त्यांच्यासमोर बोलायची गरज नाही. ते काकूंसाठी राखून ठेवा.

पत्नीला बरोबर न्या, निदान काकूंकडे तरी. फाइल घरीच ठेवा, आणि फंडाच्या पानांच्या झेरॉक्स मात्र दोन काढा, एक त्यांच्याकडे ठेवून यायला आणि एक वकिलासाठी.